बिनघराच्या माणसाने बांधलेली घरे

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की अमरावतीच्या गाडगेनगरातील समाधी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसांची रीघ लागते. शाळांतून मुले हाती खराटे घेऊन अंगणे झाडतात, कार्यालयांतून तसबिरीला हार घातला जातो आणि जागोजागी वक्ते स्वच्छतेचा महिमा वर्णन करतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, अंगावर ठिगळांचे वस्त्र! गाडगेबाबांचे हे रूप आपल्या मनावर इतके ठसले आहे की, त्यांनी आयुष्यभर खराट्याखालोखाल दुसरे कोणते काम केले, असा प्रश्न विचारला तर पुष्कळ सुशिक्षित माणसे क्षणभर अडखळतील. ते काम म्हणजे बांधकाम. घाट, सदावर्ते, वसतिगृहे, गोरक्षणे आणि त्या सर्वांत अधिक धर्मशाळा. ज्याला रात्री पाठ टेकायला स्वतःची जागा नाही अशा माणसासाठी या फकिराने पंढरपुरापासून मुंबईपर्यंत पक्क्या इमारती उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांतल्या एकीलाही आपले घर म्हटले नाही.

ही गोष्ट आज मुद्दाम आठवण्याचे कारण आहे. आपल्या शहरांतले जुने वाडे एकामागून एक पडत आहेत. रस्ते रुंद होत आहेत, धरणे बांधून झाली आहेत आणि काही अजून व्हायची आहेत. अशा प्रत्येक वेळी घरमालकाला मोबदला किती, यावर वादविवाद होतो, कोर्टकचेऱ्या होतात. त्याच घरात वीस वर्षे भाड्याने राहिलेल्या कुटुंबाचे काय होते, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. बाबांचे चरित्र या चौकशीच्या फार जवळ जाते, कारण त्याची सुरुवातच घरातून उठण्याने झाली.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीला, शेंडगाव येथे झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्याच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. घराणे परिटाचे, परंतु शेती बाळगून असलेले. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले होते. पुढे मोजणी झाली, जमिनीला ठरावीक सारा लागला आणि जमीन ही गहाण टाकण्याची व विकण्याची वस्तू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, गावोगाव पैसा खेळू लागला. युद्ध संपले, भाव उतरले, पण पैशाबरोबर आलेले कर्ज आणि दारू ही दोन्ही मागे राहिली. झिंगराजी या दोहोंच्या तावडीत सापडले. घरी देवाला बोकड, त्यावर दारू, पाहुण्यांना दारू, मग देवाचे निमित्तही उरले नाही. शेत गेले, गुरे गेली, घर गेले. १८८४ मध्ये झिंगराजी वारले तेव्हा देबू आठ वर्षांचा होता.

पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांना थोडा आधार मिळावा म्हणून सरकारने १८७९ मध्ये एक कायदा केला होता. तिकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या म्हणून तो झाला. वऱ्हाडात वह्या जळल्या नाहीत आणि वऱ्हाड त्या कायद्यातही नव्हते. शेंडगावच्या एका परटाचे घर हातचे गेले, याची दखल कोणत्याही दप्तराने मोबदल्यासाठी घेतली नाही. असे काही करायचे असते ही कल्पनाच तेव्हा नव्हती. सखुबाईंनी लहानग्या देबूला घेऊन माहेरची वाट धरली. हे माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. चरित्रकार या प्रसंगावरून लवकर पुढे जातात, कारण त्यांना देबूजीचे गुरे राखणे, पोहणे, भजनाचा नाद सांगायचा असतो. पण आठ वर्षांच्या मुलाला आजोळी राहायला जाणे आणि सुटीत आजोळी जाणे यांतला फरक कळत असतो. मामाच्या घरी कितीही माया असली तरी ते घर आपले नव्हे. तिथे भाकरीच्या आधी काम करावे लागते आणि कामानंतरही आपण आश्रितच असतो. देबूने ढोरे राखली, गोठा झाडला, नांगर धरला. हळूहळू तो मामा चंद्रभानजींचा उजवा हात झाला. शेतीत त्याचा हात इतका बसला की, पंचक्रोशीत त्याच्या कष्टाचे नाव निघू लागले. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले.

मग दुसऱ्यांदा तेच घडले. मामाची जमीन सावकाराकडे अडकली. मामाला वाचता येत नव्हते, देबूजीलाही नाही. कागदावर काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, अंगठा उठवणाऱ्याने फक्त विश्वास ठेवायचा. सोन्यासारखे शेत हातचे गेले आणि त्या धसक्याने चंद्रभानजी खचले व वारले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजी नांगर सोडायला तयार झाला नाही, त्याने त्यांना पिटाळून लावले, असे चरित्रकार सांगतात. त्या एका दिवशी तो जिंकला असेल. पण हातातल्या काठीने शेत राखता येते, कागदावरचे अक्षर बदलता येत नाही, हे त्याला तेव्हाच उमगले असावे. आपण निरक्षर राहिलो याची खंत बाबा पुढे आयुष्यभर कीर्तनातून बोलून दाखवत. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, पण पोराला शाळेत घालावे, असा त्यांचा आग्रह असे. त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या शेतात आहे, असे मला वाटते.

मुलीच्या बारशाला त्याने जातीच्या रीतीप्रमाणे मटण आणि दारू न देता गोड जेवण घातले, त्यावरून भाऊबंद रुसले. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे हा अठ्ठावीस वर्षांचा संसारी माणूस आई, बायको आणि लेकरे मागे ठेवून घराबाहेर पडला. या गृहत्यागाची तुलना सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ती फारशी पटत नाही. सिद्धार्थ राजवाड्यातून निघाला होता. देबूजीला बापाच्या घरातून परिस्थितीने काढले होते, मामाचे शेत सावकाराने खाल्ले होते आणि तिसऱ्या वेळी कोणी बाहेर काढण्यापूर्वी तो आपण होऊन निघाला. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले, याचाही विचार येथे केला पाहिजे. तो चरित्रांतून ओझरता येतो. त्यांना विचारून कोणी निघाले नव्हते.

पुढची बारा वर्षे बाबांना पत्ता नव्हता. ते गावात येत, रस्ते झाडत, विहिरीजवळचा चिखल काढत, कोणाच्या शेतातले काम करून भाकर मागून घेत, आणि लोक आभार मानायला गोळा होण्यापूर्वी पुढच्या गावाला निघून जात. अनोळखी, चिंध्या पांघरलेल्या माणसाला गाव कसे वागवते हे त्यांनी या काळात स्वतःच्या अंगावर पाहिले. देवळाच्या ओसरीवरून उठवले जाणे, पाटलाच्या माणसाने हटकणे, पावसात झाडाखाली रात्र काढणे हे त्यांचे रोजचे होते. त्यांनी पुढे बांधलेल्या इमारतींत शोभेच्या कमानी कमी आणि भक्कम ओसऱ्या, पाण्याची सोय व झाडता येण्याजोगी फरशी अधिक, याचे नवल वाटत नाही. ज्याला निवारा लागतो त्याला नेमके काय लागते, हे बांधणाऱ्याला पाठ होते.

बांधकामाची पहिली मोठी खूण वऱ्हाडातच आहे. भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. नदीचा काठ निसरडा, काळ्या मातीचा, बायामाणसे पाण्यात उतरताना घसरून पडत. बाबांनी १९०८ च्या सुमारास तिथे घाट बांधण्याचे काम उभे केले. गावाच्या नावाचा अर्थ कर्जातून सुटका असा आहे. ज्याच्या दोन घरांचा कर्जाने घास घेतला त्याचे पहिले लोककार्य ऋणमोचनला व्हावे, हा योगायोगच, पण वऱ्हाडी माणसाला तो विसरता येण्यासारखा नाही. मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षणाचे काम झाले. तेही याच वाटेवरचे.

परंतु बाबांच्या कामाची खरी ओळख पटते ती पंढरपुरात. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे त्या गावात येत. सरदार-सावकारांचे वाडे होते, मठ होते, जातीजातींच्या उतरण्याच्या जागा होत्या. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते त्यांना या जागांचे उंबरेही बंद होते. महार, मांग, चांभार वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर राहत. पाऊस आला तर भिजत, पटकी आली तर तिथेच मरत. चोखोबाची समाधी महाद्वारासमोर आणि चोखोबाच्या लेकरांना छप्पर नाही, हे बाबांना सहन झाले नाही. त्यांनी १९१७ नंतर चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले आणि १९२० च्या सुमारास ती उभी राहिली. पुढे १९२५ मध्ये तिथेच मराठा धर्मशाळा झाली. जातवार धर्मशाळा बांधून त्यांनी जातिभेदाला मान्यताच दिली नाही का, असा आक्षेप नंतरच्या काळात घेतला गेला. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण मुसळधार पावसात बाहेर उभ्या असलेल्या माणसाला, समाज सुधारेपर्यंत थांबा, असे सांगणे बाबांना जमले नसते. त्यांनी आधी छप्पर दिले आणि त्याच छपराखाली उभे राहून रात्रभर कीर्तनात जातिभेदाची सालडी काढली.

पैसा कोठून आला? हा प्रश्न कारकून वाचकाच्या मनात प्रथम येतो आणि तो योग्यच आहे. बाबा कीर्तनातून मागत. श्रीमंत मारवाडी, गुजराती व्यापारी, गिरणीमालक, गावचे पाटील, मुंबईचे हमाल, कोणाकडूनही मागत. मात्र पैशाला स्वतः हात लावत नसत. हिशेब ठेवणारी माणसे वेगळी असत. इमारत उभी राहिली की तिच्यासाठी विश्वस्त नेमायचे आणि आपण पुढे निघायचे, अशी त्यांची पद्धत होती. स्वतःचा किंवा आपल्या नातलगांचा कोणताही हक्क त्यांनी या मालमत्तेवर ठेवला नाही. लाखांची बांधकामे ज्याच्या शब्दावर होत होती त्याच्या पत्नीने मूर्तिजापुरात झोपडीत दिवस काढले. एकुलता एक मुलगा गोविंदा १९२३ मध्ये दगावला तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी कळल्यावरही त्यांनी कीर्तन पुरे केले. ही निःस्पृहता थोर खरी, पण तिची किंमत घरच्यांनी मोजली. बाबांविषयी आदर बाळगूनही हे लिहून ठेवले पाहिजे.

दोन वेळा कागदाने बेघर झालेला हा निरक्षर माणूस पुढे कागदाच्या बाबतीत किती दक्ष झाला, हे पाहण्यासारखे आहे. विश्वस्तपत्रे रीतसर झाली पाहिजेत, मालमत्ता कोणाच्या खाजगी नावावर जाता कामा नये, याकडे त्यांचे लक्ष असे. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली ती या सगळ्या पसाऱ्याला एक कायदेशीर छत्र मिळावे म्हणूनच. दापुऱ्याच्या शेतावर जो कागद शत्रू ठरला होता, त्यालाच त्यांनी बेघरांच्या बाजूने राबवले.

१९४९ ची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. बाबा मुंबईत आजारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदेमंत्री होते. ते भेटीला आले. या भेटीत बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. जी वास्तू वाळवंटात उघड्यावर पडणाऱ्या वारकऱ्यांसाठी होती, ती त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यायची, हा तो निर्णय. एक मंत्री, परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला. दुसरा अक्षरशत्रू म्हणून जन्मभर स्वतःला दूषणे देणारा. दोघांनाही ठाऊक होते की निवाऱ्याचा प्रश्न नुसत्या भिंतींनी सुटत नाही. एका वेळेला रात्रीची सोय लागते आणि दुसऱ्या वेळेला असे काही लागते की, त्या माणसाला पुन्हा कोणाच्या ओसरीवर जावेच लागू नये.

मुंबईतील त्यांच्या कामाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आमच्या भागातल्या शेकडो कुटुंबांनी त्याचा अनुभव घेतला आहे. खेड्यातला माणूस मोठ्या दुखण्यासाठी जे. जे. रुग्णालयात दाखल झाला की त्याला खाट मिळते, पण बरोबर आलेली बायको, म्हातारी आई, तान्हे मूल कोठे जाणार? पदपथावर. बाबांनी हे पाहिले आणि रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी करवली. तिथे रोग्याच्या नातलगांना अंथरुण-पांघरुण आणि स्वयंपाकाची सोय झाली. त्यांच्या पश्चात मिशनने दादरलाही अशी सोय केली. कर्करोगाच्या उपचारासाठी येणारी कुटुंबे तिथे राहतात. अमरावती-अकोल्याकडचा एखादा शिक्षक किंवा शिपाई घरच्या माणसाला घेऊन मुंबईला निघाला की, पहिला सल्ला या धर्मशाळेचाच मिळतो. त्याला मालकीचा दाखला कोणी विचारत नाही. रोग्याचा कागद पुरतो.

बाबांच्या उत्तरायुष्यात मोठमोठी माणसे त्यांच्या ओळखीची झाली. बाळासाहेब खेरांसारखे मुख्यमंत्री त्यांना मानत. मोझरीचे तुकडोजी महाराज त्यांच्या निकटचे होते. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकर यांनी तरुणपणी त्यांच्या सहवासात काही काळ काढला व पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिले. १९७७ मध्ये ‘देवकीनंदन गोपाला’ चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी त्यांना पडद्यावर उभे केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच बाबांनी प्राण सोडला. ज्याचे घर नव्हते त्याला मरणही वाटेवरच आले. अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. ग्रामस्वच्छतेची सरकारी मोहीम त्यापूर्वीच त्यांच्या नावाने सुरू झाली होती.

बाबांच्या शिकवणीचा सार म्हणून ज्या दहा गोष्टी भिंतीभिंतींवर रंगवलेल्या दिसतात, त्यांत बेघराला आसरा देणे ही एक आहे. शासनाने बाबांचा खराटा उचलला. या कलमाचे काय झाले, ते पाहू.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर पुष्कळ काही झाले आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४९ मध्ये घरभाडे नियंत्रणाचा आदेश निघाला. भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी असल्याशिवाय घरमालकाला भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीसच देता येत नसे. आमच्या पिढीचे बालपण या आदेशाच्या छायेत गेले. अमरावतीतल्या एका वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. भाड्याच्या पावत्या आई पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवत असे. सोन्याची एखादी वस्तू असती तरी तिला तिने यापेक्षा अधिक जपले नसते. पण मालकाने पावती द्यायची कधी कधी टाळली आणि त्या महिन्यांचा पुरावा म्हणून आमच्याजवळ केवळ त्याची जबान होती. ३१ मार्च २००० पासून सबंध राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि विदर्भाचा जुना आदेश इतिहासजमा झाला. इमारत पाडून नवी बांधायची तर जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची तरतूद या कायद्यात आहे. महानगरपालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१४ मध्ये दिला. निर्णय चांगला आहे. मात्र तो मिळेपर्यंत भाडेकरूने मुलेबाळे घेऊन कोठे राहायचे, हे न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे होते. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, संक्रमण शिबिरे आली. त्या शिबिरांत माणसांच्या पिढ्या गेल्या ही गोष्ट वेगळी, पण निदान तेवढे तरी होते. अमरावती-अकोल्याच्या वाड्यांतील भाडेकरूला असे शिबिर नाही.

धरणे आणि प्रकल्पांच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, १९८६ मध्ये तो नव्याने झाला आणि १९९९ मध्ये पुन्हा. केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. या शेवटच्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत आली, जी झिंगराजीच्या काळी कोणाच्या स्वप्नात नव्हती. ज्याच्या नावावर जमीन नाही असा कूळ, वाटेकरी, शेतमजूर किंवा कारागीर, जो संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबत होता व ज्याचे पोट त्यावर होते, तोही बाधित कुटुंब ठरतो. जागेची मालकी नसलेले पण तीन वर्षे सतत राहत असलेले कुटुंब उठवले गेले तर त्यालाही घर मिळावे, असे हा कायदा म्हणतो. विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह, सामान हलवण्यासाठी ५०,००० रुपये आणि पुनर्वसाहतीचा एकरकमी भत्ता ५०,००० रुपये, असे आकडे त्याच्या अनुसूचीत आहेत. हे आकडे २०१३ चे आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तर मग अडते कोठे? अडते तिथेच, जिथे दापुऱ्याच्या शेतात अडले होते. मोजणीला येणारा कर्मचारी नमुना आठ पाहतो, सातबारा पाहतो, घरपट्टीची पावती पाहतो. या सर्वांवर मालकाचे नाव असते. विजेचे मीटर मालकाच्या नावाने असते. भाडेकरूजवळ शिधापत्रिका असते, ती पुष्कळदा मागच्या पत्त्यावरची. वाटेकऱ्याजवळ तर तोंडी शब्दापलीकडे काहीच नसते, कारण करार कागदावर आला तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याने आपली जमीन जाईल या भीतीने मालकाने तो कधी लिहूच दिला नाही. कायद्याने त्याला दिलेला हक्क खरा, पण तो सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याच खांद्यावर टाकलेले आहे. मोजणीचा कर्मचारी दुष्ट असतो असे नव्हे. त्याला दिलेल्या तक्त्यात राहणाऱ्याचा रकाना मालकाच्या रकान्याइतका महत्त्वाचा मानलेला नसतो, एवढेच.

मेळघाटात व्याघ्र प्रकल्पासाठी जी कोरकू गावे हलवली गेली, तिथे २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये आणि २०२१ पासून १५ लाख रुपये, असा मोबदल्याचा दर आहे. रक्कम कमी नाही. तरीही उठवून अकोटच्या बाजूला वसवलेल्या गावांतील काही कुटुंबे सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुन्हा जंगलाकडे परतली आणि २०१९ मध्ये वनखात्याशी त्यांचा संघर्ष झाला. पैसा हाती पडला म्हणजे माणूस वसला, असे समजणे किती भाबडे आहे, ते तिथे दिसले. बाबा हे जाणून होते. त्यांनी बेघराला पैसे वाटल्याचे उदाहरण त्यांच्या चरित्रात शोधून सापडत नाही. त्यांनी जागा दिली, पाणी दिले, चूल दिली आणि मग शाळा दिली.

याचा अर्थ सरकारने धर्मशाळा बांधाव्यात असा कोणी करू नये. धर्मशाळा चार रात्रींसाठी असते आणि ती दयेवर चालते. उठवलेल्या भाडेकरूला दया नको आहे. त्याला मुलांची शाळा बुडणार नाही इतक्या जवळ, हलण्यापूर्वी तयार असलेली आणि त्याच्या नावाने नोंदलेली जागा हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत भाडे भरण्याइतकी रक्कम आधी हवी आहे, पाडकामानंतर दोन वर्षांनी नव्हे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मोजणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव लिहिले जावे, शेजाऱ्यांची साक्ष, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, दवाखान्याचा कागद यांपैकी काहीही पुरावा म्हणून मानला जावा आणि ती यादी चावडीवर व नगरपालिकेच्या फलकावर लावली जावी. जिल्हाधिकाऱ्यांनी मनात आणले तर एका परिपत्रकाने एवढे होऊ शकते.

ज्या पेढी नदीच्या पुलाशी बाबांची मोटार थांबली, त्याच नदीवर खाली भातकुली तालुक्यात निम्न पेढी प्रकल्प झाला आणि त्यासाठी गावे उठवावी लागली. ऋणमोचनचा घाटही याच तालुक्यात आहे. पौषातल्या रविवारी यात्रेला येणाऱ्या माणसांत उठलेल्या गावांचे लोक असतात. दुसऱ्याच्या शेतावर राबणारे, दुसऱ्याच्या घरात राहणारेही त्यांत असतात. घाटाच्या पायऱ्या अजून मजबूत आहेत. त्यांवर उतरताना कोणी कोणाला सातबारा विचारत नाही.